मुख्तारचाचांचा पाय

१

रुक्मिणीकाकीचा पाय मोडला सोमवारी दुपारी पावणेतीनला, आणि चार वाजायच्या आत गावाने मुख्तारचाचांना गुन्हेगार ठरवूनही टाकलं. एवढ्या झटपट आमच्या गावात साधा पाण्याचा नळ दुरुस्त होत नाही.

झालं ते असं. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, भाई केळुसकरांचं रिसॉर्ट आहे. तिथून एक घाटी सरळ खाली उतरते आणि तळाला उजवीकडे वळून किनाऱ्याला जाते. त्या वळणावर रुक्मिणीकाकी बांगडे सुकवते. काकी रस्त्याकडे पाठ करून मासळी परतत होती. भाईंच्या मुलाची, सर्वेशची, लाल परदेशी गाडी घाटीवरून आली, वळण घेतलंच नाही, आणि मासळीचा मांडव मोडून, काकीला उडवून माडावर जाऊन आदळली. गाडीतलं माणूस उतरून पसार झालं. पाहिलं कोणीच नाही; काकी मोडक्या मांडवाआड पडली होती. एप्रिलच्या दुपारी दोन ते चार आमच्याकडे जेवून आडवा न होणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर पाहुणा.

पाहिलं नाही, पण ऐकलं होतं. ऐकणारे होते बाबा मेस्त्री, एसटी डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांचं घर घाटीला लागून आहे. दार लावून बाजेवर पडले होते.

"माका कान शिकवू नको," ते मला म्हणाले. "छत्तीस वर्सा डेपोत काढलंय. चौथ्यातून तिसरो गिअर टाकल्यान, रेस मारल्यान. तिसऱ्यातून दुसरो टाकल्यान, परत रेस मारल्यान. मगे गाडी जी बोंबलली ती माडार जावनच थांबली. असो गिअर उतरवणारो गावात एकच. हो पाय मुख्तारचो. म्हातारपणी घसारलो, दुसरा काय!"

आता हे गिअर-रेसचं प्रकरण सांगायला हवं. जुन्या ट्रकचा गिअर उतरवताना मध्ये न्यूट्रलला थांबायचं, क्लच सोडायचा, ॲक्सिलेटरवर एक टोला द्यायचा, आणि मग खालचा गिअर टाकायचा. इंजिनाचा वेग खालच्या गिअरला जुळला की गाडी झटका खात नाही. याला डबल क्लच म्हणतात. आजच्या गाड्यांना त्याची गरज नाही. पण मुख्तारचाचांनी चाळीस वर्षं मासळीचे ट्रक घाटातून नेले. सदुसष्टाव्या वर्षी रिसॉर्टच्या गाड्या, सर्वेशची ती लालसुद्धा, चालवतानाही त्यांचा पाय ऐकत नाही. आमच्या गावात माणसं चाचांना बघून नव्हे, घाटीवरचा आवाज ऐकून म्हणतात, "मुख्तार इलो."

त्यामुळे बाबांनी नाव घेतलं आणि विषय संपला. माझा मात्र संपला नाही.

२

मी नम्रता. बाजारात माझा ड्रायव्हिंग क्लास आहे. बारा वर्षांपूर्वी मी गाडी शिकायचं म्हटलं तेव्हा सगळा गाव दात काढून हसला होता. एकटे मुख्तारचाचा म्हणाले, "बस गो, ट्रकातच शिकवतंय." त्यांनी शिकवलं तेच मी आज शिकवते. घाटी उतरताना ब्रेकवर नाचायचं नाही, गिअर उतरवायचा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी वळताना इंडिकेटर द्यायचा. चाचांची नात अफशा सध्या माझ्याकडे शिकतेय, अकरा दिवस झालेत. नगरपालिकेतल्या दोघीजणी आहेत. खुद्द भाईंची सून शर्मिष्ठा माझ्याकडे शिकून महिन्यापूर्वी लायसन्स घेऊन गेली. सासऱ्याला पत्ता नाही आणि नवरा हसतो, हे तिनेच मला सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी चाचांच्या घरी गेले तर ओट्यावर भाई केळुसकर बसलेले. हातात टाइप केलेला कागद.

"मुख्तार, सही कर," भाई समजावणीच्या सुरात म्हणत होते. "माझ्या हातान चुकान झाला, एवढाच लिवलाला आसा. रुक्मिणीचा औषधपाणी मी बघतंय. तुझा वय बघून पोलीस पण सांभाळून घेतीत."

"आणि माझा लायसन?"

"आता कित्याक होया तुका लायसन? घरात बस आरामात."

चाचांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. "भाई, माझ्या हातान जा झाला नाय, ता माझ्या हातान लिवचंय नाय. चाळीस वर्सात कोंबडी मारूक नाय मी. माका फासार दी, पण सही मागू नको."

"मग होतास कुठे त्या वेळी?" भाईंनी एकदम कचेरीतली मराठी काढली.

"शेडात निजलंय हुतंय. एकटो."

"गाडीची चावी कुठे असते?"

"हापिसात, खिळ्यार. सगळ्यांक ठावक आसा."

भाई उठले. "गुरुवारी चार वाजता हवालदार बाबा मेस्त्रींचो जबाब घेवक येतहत. तोपर्यंत विचार कर. मगे माझ्या हातात काय रवाचा नाय."

भाई गेले. अफशा दारामागे रडत होती, तिच्यावर चाचा खेकसले, "रडतंस कित्याक गो? मी केलंय काय?" मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "नमू, हे लोक माका आवाजान वळखतत म्हणान मी किती मिरवलंय. आता तोच आवाज माझ्या उरार बसलो."

मला असा संताप आला की काय सांगू! कागदाच्या एका कपट्यासाठी माणसाची सगळी हयात पुसायला निघाले होते. गुरुवारी चारपर्यंत माझ्याकडे अडीच दिवस होते.

३

पहिल्यांदा गाठलं दीपेशला, रिसॉर्टच्या मॅनेजरला. अपघातानंतर तिथे सर्वांत आधी पोचला तो हाच.

"आवाज ऐकून मी काउंटरवरून धावलो," दीपेश म्हणाला. "गाडीत कोणी नव्हतं. इंजिन बंद पडलेलं. वायपर मात्र कोरड्या काचेवर खराखरा फिरत होते. मीच चावी काढली."

"वायपर? एप्रिलात?"

"धडकेने चालू झाले असतील. ते जाऊ दे ताई, चाचांना सांग सही करायला. भाईंशी वाकडं घेऊन कोणाचं भलं झालंय?"

त्याच्यावरही माझा संशय होता. पण दीपेशच्या गाडीत मी बसले आहे. हा घाटी उतरतो ती टॉप गिअरमध्ये आणि ब्रेक जाळत, खाली पोचेपर्यंत जळका वास येतो. दोनदा गिअर उतरवण्याइतका धीर त्याच्या अंगात नाही. आणि भाई स्वतः? त्यांना बिनक्लचची ऑटोमॅटिकच चालवता येते, क्लचवर पाय ठेवला की गाडी बंद पाडतात. उरला सर्वेश. तो सोमवारी दुपारी कुडाळ स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेला होता. त्याच्यासोबत आठ पाहुणे आणि गाडीभर पिशव्या होत्या.

मग चाचांशिवाय राहिलं कोण? बुधवारी सकाळी मी सर्वेशला म्हटलं, "मला ती गाडी घाटीवरून एकदा चालवून बघायची आहे."

तो हसला. "बंपर आधीच गेलाय, आणखी काय जाणार? घे. पण सांभाळ हां, तुमच्या क्लासातली छकडी नाही ती."

त्या हसण्यावरच मी चावी उचलली. काचेवर लाल धुळीचा थर होता आणि त्यात वायपरने पुसलेल्या दोन स्वच्छ कमानी तशाच होत्या. गाडी सड्यावर काढली, चौथ्या गिअरमध्ये घाटीला लागले. बाबा मेस्त्रींचं घर आलं. क्लच दाबला, दांडा तिसऱ्याकडे ओढला, आणि गाडी घुर्रकन ओरडली!

ॲक्सिलेटरला मी पाय लावलाच नव्हता.

४

बाराशे लोकांना गाडी शिकवलेली बाई मी, पण त्या क्षणी मला वाटलं की गाडी हातातून सुटली. उजवा पाय आपसूक ताठरला. ब्रेकवर पडला म्हणून निभावलं. दुसरा गिअर टाकला तर पुन्हा तेच. आपोआप रेस, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत.

तशीच गाडी वळवून सर्वेशसमोर उभी केली. "ही आपली आपण रेस मारते?"

"ऑटो रेव्ह मॅचिंग," तो म्हणाला. "गिअर उतरवला की कॉम्प्युटर इंजिनाचा वेग जुळवून देतो. प्रत्येक वेळी गाडी चालू केली की ते चालूच असतं. मी पहिलं काम करतो ते बटण दाबून बंद करायचं. माझ्या पायाला येतं ते गाडीने कशाला करायचं?"

"हे तू पोलिसांना सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाही."

धन्य आहे! एका माणसाचं आयुष्य टांगलं होतं आणि याला कोणी विचारलं नव्हतं.

चाचांकडे गेले, तर ते म्हणाले, "ता भूत माका ठावक आसा. मी शेडातसून गाडी भायर काढतंय तेव्हाच बंद करतंय. नाय तर मी माझी रेस मारतंय आणि ता आपली मारता. दोघांचा भांडाण कोणी आयकूचा?"

मी टुणकन उडालेच. चाचांच्या त्या एका वाक्यात त्यांची सुटका होती, त्यांना स्वतःलाच ते उमगलं नव्हतं. पण घरी परतताना आनंद ओसरला. चाचा नाहीत, हे मला दाखवता येणार होतं. मग कोण, हेही आता कळायला लागलं होतं, आणि ते नाव मला नको होतं.

वायपर धडकेने चालू होत नाहीत. आपल्याकडच्या गाड्यांना इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते. या गाडीत शिरल्यावर मी वळणावर सवयीने उजवी दांडी ओढली आणि वायपर फिरले. इंडिकेटर डावीकडे होता! सर्वेश आणि चाचा रोज चालवतात, ते ही चूक करणार नाहीत. म्हणजे सोमवारी गाडीत होता तो ती पहिल्यांदा चालवणारा. घाटीवर शिस्तीत दोनदा गिअर उतरवणारा. आणि भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, वळणासाठी इंडिकेटर देणारा.

अशी माणसं या गावात एकाच ठिकाणी तयार होतात. माझ्या क्लासात.

५

गुरुवारी चार वाजता घाटीच्या तळाला अर्धा गाव जमला. हवालदार वही घेऊन आले. रुक्मिणीकाकी प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसली होती. कोणाचंही न ऐकता रिक्षा करून आली होती. भाई, सर्वेश, दीपेश एका बाजूला. रिसॉर्टमधल्या बायका मागे सावलीत.

मी म्हटलं, "बाबा, जबाब द्यायच्या आधी परीक्षा द्या. दार लावून बाजेवर पडा. गाडी तीनदा खाली येईल. कोण चालवतंय ते सांगायचं."

"परीक्षा? माझी?" बाबांनी मिशीवर हात फिरवला. "दहा वेळा आण गाडी."

भाई पुढे झाले. "ही काय जत्रा लावलीस? बायलमाणसाचा ऐकून तपास करतलास, हवालदारानू?"

"ऐकून नाही, बघून करतील," मी म्हटलं. "घाबरायचं कारण आहे का, भाई?"

एवढ्या लोकांपुढे भाईंना बाजूला व्हावं लागलं.

पहिली फेरी. गाडी घाटीला लागली. घुर्र, तिसरा. घुर्र, दुसरा. वळण घेऊन अलगद थांबली. आतून बाबा गरजले, "मुख्तार! मुख्तार! सांगलंय नाय मी?"

मी दार उघडलं. बाबा ऐटीत बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. स्टेअरिंगवरून अफशा उतरत होती, ओढणी सावरत. लर्निंग लायसन्स काढलेली, गाडी शिकायला लागून तेरा दिवस झालेली पोर. तिला मी आधीच बजावून ठेवलं होतं की गाडी आपोआप ओरडेल, घाबरायचं नाही.

गर्दीत कोणी तरी म्हणालं, "अरे देवा!" काकी तर फिस्सकन हसलीच.

"रेस हिने मारली नाही, गाडीने मारली," मी सगळ्यांना सांगितलं. "कोणीही बसलं तरी ती मारते. आता आत जा बाबा, अजून दोन आहेत."

दुसऱ्या फेरीला चाचा, गाडीची ती सोय चालू ठेवून. एका गिअरला दोन-दोन रेस. आतून बाबा करवादले, "ह्यो कोण गाढव? गिअर एक नि रेस दोन! सोमवारचो हो न्हय." तिसऱ्या फेरीला चाचाच, सोय बंद करून. गाडी खाली आली, थांबली. या वेळी बाबा स्वतःच दार उघडून बाहेर आले.

"हो मुख्तार," ते म्हणाले. आवाज पडला होता. "मुख्तार रेस मारता तेव्हा गाडी मधी एक श्वास मोकळी सोडता. सोमवारी ती मोकळी सोडल्यान नाय. गिअर आणि रेस एकदमच. सोमवारी मुख्तार नव्हतो." ते चाचांसमोर गेले. "मुख्तार, शिरा पडो माझ्या कानार. मी तुझा नाव घेतलंय."

"घेतलंस," चाचा म्हणाले. ते हसले नाहीत. "आता हवालदारांक तेच सांग, तितक्याच मोठ्यान."

बाबांनी सांगितलं, अगदी ओरडून. हवालदारांनी लिहून घेतलं. अफशा चाचांना जाऊन बिलगली, आणि मला वाटलं की आता इथेच थांबावं, घरी जावं.

भाई थांबू देतात तर ना. "मगे कोण?" ते म्हणाले. "मुख्तार नाय, तर कोण? सांग की गो, एवढी शाणी आसंस तर!"

६

मी सांगितलं. वायपरचं सांगितलं, इंडिकेटरचं सांगितलं, दोन गिअरचं सांगितलं. "ही गाडी पहिल्यांदाच चालवणारा, पण शिस्तीत शिकलेला माणूस. माझ्याच क्लासातला."

दीपेश हसत सुटला. "ऐका! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! बायका शिकवणार आणि बायका ठोकणार!"

"माझ्याच क्लासातला," मी पुन्हा म्हटलं. "लपवायचं असतं तर लपवलं असतं. चुकलं ते गिअरमध्ये नाही. गिअर उतरवल्यावर गाडी आपोआप ओरडली आणि त्या माणसाला वाटलं की गाडी सुटली. माझीही तीच गत झाली होती. माझा पाय ब्रेकवर पडला, त्याचा घाबरून ॲक्सिलेटरवर. आपली क्लासातली साधी गाडी असती तर काकी आज बांगडे विकत बसली असती."

मी मुद्दाम सावलीतल्या बायकांकडे बघितलं नाही. माझ्या क्लासातलं त्या चावीच्या खिळ्यापर्यंत पोचणारं माणूस एकच होतं; नाव माझ्या ओठावर होतं, पण ते मी घेण्यापेक्षा तिने घ्यावं, असं मला फार वाटत होतं.

"मी चालवली."

शर्मिष्ठा पुढे आली होती. चेहरा पांढराफटक, पण पाय थांबले नाहीत.

"सूनबाई, घरात जा," भाई म्हणाले.

"नाही जाणार." साताऱ्याकडची मुलगी ती, भाईंसमोर एवढं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. "लायसन्स आहे माझ्याकडे. हे रोज म्हणायचे, तुला क्लच कळत नाही, माझ्या गाडीला हात लावू नकोस. सोमवारी सगळे निजले होते. म्हटलं, एकदा किनाऱ्यापर्यंत जाऊन येते. दुसऱ्या गिअरला गाडी पुन्हा ओरडली आणि मी ब्रेक समजून भलतंच पेडल दाबलं. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी पळत वर गेले. सासऱ्यांनी मला फाटकातच पाहिलं. म्हणाले, तोंड उघडशील तर खबरदार, केळुसकरांच्या सुनेचं नाव पोलिसात जाणार नाही. बाकीचं मी बघतो."

सगळ्यांच्या माना भाईंकडे वळल्या. सर्वेश बापाकडे असा बघत राहिला जणू त्यांना पहिल्यांदाच बघत होता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

शर्मिष्ठा रुक्मिणीकाकीच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. "काकी, मी..."

"तू गाडी चालवलंस ह्याचो माका राग नाय," काकी तिला तोडून म्हणाली. "माझ्या झिलान पण होडी दोनदा खडकार घातल्यान. पण मी थय बोंबलत पडलंय आणि तू पळालंस! तो राग आसा, आणि तो रवतलो."

शर्मिष्ठाने मान हलवली. मग ती चाचांकडे वळली, पण चाचांनीच हात वर केला.

"माका माफी नको, बाय," ते म्हणाले. "तीन दिवस माझी नात कॉलेजाक गेली नाय. ठाण्यात जा आणि तुझ्या तोंडान सांगून वहीतला माझा नाव काढून टाक. बाकी मगे बघूया."

"चला," ती उठली.

भाई वाटेत उभे राहिले. "पाऊल टाकलंस तर परत घरात..."

"बाबा, बाजूला व्हा," सर्वेश बापाला म्हणाला.

ठाण्यात मी आणि चाचा तिच्याबरोबर गेलो. तिने सगळं सांगितलं, पळाले तेही, गप्प बसले तेही. भाईंचा कागदही सांगितला. हवालदारांनी चाचांच्या नावावर काट मारून ते चाचांना दाखवलं. चाचांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग पाणी मागितलं आणि पूर्ण तांब्या रिकामा केला.

हवालदारांनी जबाब शर्मिष्ठाच्या पुढे सरकवला. माणूस चांगला होता, तिचं भलं बघायला गेला. "खाली एक ओळ घालू का, ताई? यापुढे गाडी चालवणार नाही असं. साहेबांना बरं वाटेल, शिक्षा कमी होईल."

तिने पेन उचललं.

"शिक्षा होऊ दे," ती म्हणाली. "ती ओळ घालू नका."